अठरा त्रिक बावन्न

अकरा जानेवारी, रविवार. आकडा त्रेचाळीस. हजर : मी, माझी बायको, आमच्या मुलीसाठी पाहिलेल्या मुलाचे आईवडील, त्याचे थोरले काका आणि दोन गाई. जागा : अल्लीपूरच्या शिवारातला त्यांचा गोठा.

त्रेचाळीस ही माझ्या रक्तातली साखर. सत्तरच्या खाली गेली की धोक्याची, असं डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी न पाहिलेले आकडे माझ्या आयुष्यात थोडेच आहेत, त्यातला हा एक. साखर मोजायचं यंत्र बायकोच्या हातात होतं आणि मी कडब्यावर आडवा पडून छताकडे पाहत एक पाढा म्हणत होतो. तो चुकीचा म्हणत होतो, हे मला नंतर कळलं.

मी हिशेब तपासायचं काम करतो. आज या पतसंस्थेचे, उद्या त्या सोसायटीचे. चार वर्षांपासून इन्सुलिन घेतो. तिन्ही जेवणांच्या आधी पेनानं लवकर काम करणारं आणि झोपताना दिवसभर पुरणारं, अशा रोजच्या चार सुया. सुरुवातीला भीती वाटली, मग त्यात गोडी लागली. खोटं कशाला सांगू, आकड्यांची गोडी. दोन पोळ्या आणि भाताला किती युनिट, भात सोडला तर किती कमी, हे मी मोजून मोजून बसवलं होतं. माझ्या जेवणानंतर दोन तासांनी मोजलेल्या साखरेला डॉक्टर कधी नाव ठेवत नसत.

घराबाहेर मात्र हे कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला कारण घडलं होतं. मुलीसाठी आधी रोहण्याकडचं एक स्थळ आलं होतं, सगळं जुळत आलं होतं. मग मध्यस्थानं फोन करून विचारलं, ‘मुलीच्या बापाले सुई लागते म्हणे, खरं हाय का?’ मी हो म्हटलं. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केला तेव्हा त्यांचा मुलगा यंदा लग्न करणार नव्हता. दोन महिन्यांनी त्याच मुलाच्या लग्नाची पत्रिका माझ्या एका ओळखीच्याकडे पाहिली.

म्हणून अल्लीपूरचं स्थळ आलं तेव्हा मी बायकोला बजावलं की या खेपेला सुईचा विषय नाही.

‘विचारलं तर?’

‘विचारणार नाहीत.’

‘चोरी केल्यावानी काऊन वागता तुम्ही? साखरच तर आहे, दरोडा तर नाही टाकला.’

मुलगा हिंगणघाटला नोकरीला, घरची शेती, माणसं साधी. मुलीनं आणि मुलानं एकमेकांना पसंत केलेलं होतं. त्यांचे फोन सुरू झाले होते आणि मुलगी घरात गुणगुणत फिरायला लागली होती. ती फार गुणगुणणाऱ्यांतली नाही. राहिलं होतं ते आम्ही मुलाचं घर पाहायला जाणं. त्यांनीच निरोप धाडला : रविवारी शेतात मारुतीचे रोडगे आहेत, घरही पाहून होईल, जेवणही होईल.

रोडगे म्हणजे कणकेचे मोठे गोळे, आत तूप लावून पापुद्रे दिलेले, शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि वरून तूप, नको म्हणेपर्यंत. मी आदल्या दिवशीच मनाशी मांडणी करून ठेवली. एरवी दुपारी माझे दहा युनिट असतात. दोन रोडगे धरले तर चौदा. न्याहारी मी मुद्दाम हलकी केली. आम्ही दोघं मोटरसायकलनं निघालो. साखरेच्या गोळ्यांची पुडी माझ्या नेहमीच्या शर्टाच्या खिशात असते. त्या दिवशी मी नवा शर्ट घातला होता.

मुलाला त्या रविवारी सुटी नव्हती, तो हिंगणघाटलाच होता. घर पाहिलं, विहीर पाहिली, कापसाची खोली पाहिली. मग सगळे शेतात गेलो. गोवऱ्यांचा धूर, बायांचा गलका, झाडाखाली अंथरलेल्या ताडपत्र्या. साडेबाराच्या सुमाराला मारुतीला नैवेद्य गेला आणि कोणीतरी ओरडलं, ‘चला, पानं मांडा!’

मी लघवीचं निमित्त काढून धुऱ्याआड, बांधापलीकडच्या उभ्या तुरीमागे गेलो. शर्ट वर केला, चौदा युनिट घेतले, पेन पिशवीत टाकलं आणि परत आलो. पानं मांडली म्हणजे पाच मिनिटांत वरण येणार, दहा मिनिटांत रोडगा. माझं गणित चोख होतं. पंगतीत जाऊन मांडी घातली.

मुलाचे वडील धावत आले आणि त्यांनी माझा दंड धरून मला उठवलं.

‘भाऊ, तुम्ही इथं नोका बसू. हे गावची पंगत हाय. तुम्ही आमच्या घरच्या मानसाईसंग बसान, निवांत. सोयरे हायेत तुम्ही आता!’

तो मान होता. त्या घरची रीत अशी की आधी गाव जेवतो, मग लांबून आलेले, आणि सगळ्यात शेवटी घरची माणसं आणि सोयरे. ‘सोयरे’ हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला होता. त्याच्यासाठीच तर मी आलो होतो. मी हसलो आणि त्यांनी आणून दिलेल्या खाटेवर बसलो.

आता मागे पाहताना वाटतं, तिथे नुसतं ‘मला लवकर जेवावं लागतं’ एवढं म्हणता आलं असतं. पण पुढचा प्रश्न ‘काऊन?’ आला असता. मी मनात दुसराच हिशेब करत बसलो : एक पंगत वीस मिनिटं, दोन पंगती चाळीस, चाळीस मिनिटं तर निघतील.

पंगत काही वीस मिनिटांत उठली नाही. रोडगे कमी पडले, नवे निखाऱ्यात घातले. दर वेळी उत्तर एकच, ‘होऊनच राह्यले!’ मुलाचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. माणसं किती झाली असतील, असं ते सहज म्हणाले. मी मोजायला लागलो. एका ओळीत अठरा, ओळी तीन.

कमी साखरेची लक्षणं मला तोंडपाठ होती. घाम, थरथर, छातीत धडधड, भूक. ती दुसऱ्या कोणात दिसली असती तर मी लांबून ओळखली असती. मला घाम आला तेव्हा मी म्हटलं, निखाऱ्यांची झळ आहे. हात थरथरला तेव्हा वाटलं, होणाऱ्या व्याह्यासमोर बसलोय, म्हणून. भूक तर सगळ्यांनाच लागली होती. ओठ बधिर झाल्यासारखे वाटत होते, पण तेवढ्यात मला त्या ओळींचं उत्तर सापडलं आणि मी ठणकावून सांगितलं, ‘बावन्न.’

‘चोपन्न असतीन भाऊ,’ मुलाचे वडील म्हणाले.

‘बावन्न. अठरा त्रिक बावन्न.’

‘अठरा त्रिक चोपन्न.’

‘तुम्ही मला शिकवू नका. माझी हयात हिशेबात गेली. बावन्न म्हणजे बावन्न!’

हे मी मोठ्यानं बोललो असं म्हणतात. उठून उभा राहिलो आणि पुन्हा ओळी मोजायला निघालो, तर पाय पानांवर पडला. कोणाचं तरी वरण सांडलं. पोरं हसली.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे दारू पिऊन आलेला माणूस कसा दिसतो आणि त्याला चारचौघांतून कसा हलवायचा, हे घरोघरी माहीत आहे. मुलाचे थोरले काका, सत्तरीचे, धोतर-टोपीतले, शांतपणे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. ‘चला भाऊ, सावलीत जरा आडवे व्हा. गोवऱ्याच्या धुरानं होते असं.’ लोकांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं ते ‘धूर’ म्हणाले. गोठ्यात नेऊन त्यांनी मला कडब्यावर निजवलं. मागून मुलाचे वडील आले. त्यांचं बोलणं मला पाण्याखालून ऐकल्यासारखं आठवतं.

‘दादा, वास तर येऊन नाई राह्यला.’

‘भारीची असन. भारीचा वास नाई येत. लिंबू आन. मीठ टाक भरपूर.’

‘साखर टाकू का जराशी?’

‘कायले? साखरेनं अजून चढते. नुसतं लिंबू-मीठ दे आन झोपू दे. उतरते आपोआप. आन कोनाले बोलजो नोको, पोरीचा बाप हाय.’

मी ते खारट पाणी प्यालो. त्यांनी दार ओढून घेतलं आणि दोघं बाहेर गेले. हे सगळं भल्या मनानं चाललं होतं, हे मी पुन्हा सांगतो. माझी अब्रू राखायला त्यांनी मला असं एकट्याला ठेवलं की अजून अर्धा तास गेला असता तर मी बहुतेक उठलोच नसतो.

पुढचं बायकोनं सांगितलेलं. ती चुलीजवळ बायांत होती. मी खाटेवर दिसेना, म्हणून तिनं विचारलं. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मुलाची आई तिच्याजवळ सरकून हळूच म्हणाली, ‘ताई, मनाले लावून नोका घेऊ. मानसं घेतात कधीमधी. आमच्याकडचेही काई देव नाईत.’

‘काय घेतात?’

‘ते तुमचे मालक जरासे... अठरा त्रिक बावन्न म्हनून भांडून राह्यले होते आमच्या ह्यायच्याशी.’

बायको सांगते, दारूचं ऐकून तिला काहीच वाटलं नाही, कारण ते खरं असणं शक्य नव्हतं. ती घाबरली ती ‘बावन्न’ ऐकून. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी तापात फणफणलो तेव्हा, आई गेली तेव्हा, एकदा गाडीवरून पडलो तेव्हासुद्धा पाढा चुकलो नव्हतो. ती हातातलं उलथनं टाकून, खाटेवरची माझी पिशवी उचलून गोठ्याकडे पळाली. पळता पळता ओरडली, ‘साखर आणा! साखर!’

गोठ्यात येऊन तिनं पिशवीतून यंत्र काढलं, माझं बोट टोचलं. त्रेचाळीस. तोवर मुलाचे आईवडील आणि काका मागे येऊन उभे होते.

‘ताई, घाबरू नोका, उतरते,’ काका म्हणाले.

‘दारू नाही पेत ते!’ ती म्हणाली. ‘इन्सुलिन घेतात. सुई घेतली आणि जेवले नाहीत. साखर द्या मला लवकर.’

मुलाची आई हातातला रोडगा पुढे करून म्हणाली, ‘तुपात चुरून देऊ का?’

‘तुपानं वेळ लागते. आधी साखर. पाण्यात.’

मी गिळू शकतोय का, हे तिनं आधी चमचाभर पाणी देऊन पाहिलं. मग साखरेचं दाट पाणी घोटाघोटानं पाजलं. मी तोंड फिरवत होतो. ‘मला साखर चालत नाही,’ असं सांगत होतो, आणि तेही ऐटीत. तिनं माझी हनुवटी धरली. पंधरा मिनिटांनी अठ्ठावन्न, पुन्हा साखर, मग चौऱ्याऐंशी. मग मला गोठ्याचं छत छत म्हणून दिसायला लागलं, गाईचा श्वास ऐकू आला आणि अंगावरचा नवा शर्ट पाठीला चिकटलेला जाणवला. नंतर मी रोडगा खाल्ला, तिथेच कडब्यावर बसून. मुलाचे वडील दाराशी पाठमोरे उभे होते.

मला गाडी चालवू द्यायला बायको तयार नव्हती. त्यांनी त्यांच्या जीपनं आम्हाला वर्ध्याला घरी सोडलं. वाटेत पावसाचं आणि कापसाच्या भावाचं बोलणं झालं. सोयरे हा शब्द परत आला नाही. मोटरसायकल अल्लीपूरलाच राहिली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते मला नीट मांडता येत नाही. अंगात काहीतरी सतत चुळबुळत असायचं. घाम आला की बोट टोचायचो, आला नाही तरी टोचायचो. कामावर असताना स्वच्छतागृहात जाऊन टोचायचो. साखर एकशे चाळीस असली तरी ती खाली चालली आहे असंच वाटे, मग दोन बिस्किटं. सुई घ्यायच्या वेळी पेनाची चकती मी दहावर फिरवायचो, मग आठवर आणायचो, मग सहावर. आकडा दोनशे नव्वदवर गेला तेव्हा मला हायसं वाटलं, इतकी उलटी बुद्धी. मनात अठराचा पाढा आपोआप सुरू व्हायचा आणि तिसऱ्या पायरीवर मी थबकायचो.

डॉक्टरांनी विचारलं, ‘चौदा कोणी सांगितले?’

‘मी काढले. दोन रोडगे आणि...’

‘काढलेत ते ठीक. रोडगे ताटात होते का?’

मी आकड्यांची वही त्यांच्यापुढे सरकवली.

‘घरी तुमची वेळ तुमच्या हातात असते. दुसऱ्याच्या घरी नसते. जिथं जेवण कधी येईल याची खात्री नाही, तिथं आधी पान समोर येऊ द्या, मग सुई. आणि सोबतच्या माणसांना सांगा. खिशातली साखर तुम्ही शुद्धीवर असेपर्यंतच कामाची.’ मग माझे आठवड्याचे आकडे पाहून म्हणाले, ‘आणि हे काय? भीतीनं कमी घेताय ना? पुन्हा दहावर या.’

घरी मुलगी माझ्याशी मोजकं बोलत होती. अल्लीपूरहून काही कळलं नव्हतं. एका संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली.

‘बाबा, लपवायचं की नाही, हे मला विचारलं होतं तुम्ही?’

‘तुझ्यासाठीच केलं मी.’

‘मी त्याला तुमच्या सुईचं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आजीलाही साखर होती, तेपण सांगितलं. तो म्हणाला, बरं. त्याला वाटलं, मोठ्यांचं आपसात बोलणं झालं असेल.’

म्हणजे लपवणारा मी एकटाच होतो.

‘मग त्याचं काय म्हणणं आहे आता?’

‘त्याचं तेच आहे. पण तिकडे घरात ताण आहे. तुम्ही बोला त्यांच्याशी. आई नाही आणि मी नाही. तुम्ही.’ तिचे डोळे भरले, पण आवाज तसाच राहिला. ‘माझं जुळलेलं आहे बाबा. या वेळी मोडलं तर ते साखरेनं मोडणार नाही.’

मी फोन केला. मुलाच्या वडिलांना एका दमात सांगितलं : चार वर्षं झाली, दिवसाला चार सुया, माझ्या आईलाही हा आजार होता. मुलीची तपासणी केली आहे, आज तिला काही नाही. पुढचं मी लिहून देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही.

‘दादाले विचारून सांगतो,’ ते म्हणाले.

दादा म्हणजे तेच थोरले काका. पुन्हा वाट पाहणं आलं. मोटरसायकल मागायला तोंड नव्हतं. शेजारी विचारत, ‘गाडी दुरुस्तीले टाकली का?’ मी मान हलवायचो आणि घरात येऊन फेऱ्या घालायचो. बायको म्हणायची, ‘बसा जरा. फरशी झिजून राहिली.’

रविवारी जेवायच्या वेळेला फाटकाशी माझ्याच गाडीचा आवाज आला. थोरले काका एकटेच आले होते, टोपीवर मफलर बांधून. मी धावलो.

‘एवढ्या लांब तुम्ही गाडीवर?’

‘काऊन? हात-पाय हायेत अजून,’ म्हणत ते आत आले आणि खुर्चीच्या काठावर बसले. पाणी प्याले. मुलगी आतल्या खोलीच्या दारामागे होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

‘मले एक गोष्ट समजली नाई, भाऊ,’ ते म्हणाले. ‘आम्ही समजलो तुम्ही पेऊन आले. तरी झाकलं. घरात ठरलं, मानूस पेते तर पेते, पोरगी चांगली हाय. म्हंजे दारू झाकाले आम्ही तयार झालो. आन तुम्ही साखर झाकून राह्यले!’

‘हो,’ मी म्हटलं.

‘आमच्या गोठ्यात तुमचं काई झालं असतं तर त्या पोरीले आम्ही काय सांगतलं असतं? तुमच्या बापाले लिंबू पाजून दार लोटून घेतलं म्हून? मले तेवापासून झोप नाई.’

मला वाटत होतं, अस्वस्थ मी एकटाच आहे. मी त्यांचे हात धरले.

बायको म्हणाली, ‘पान वाढते, जेवून घ्या आधी.’

ताटं समोर आली. मी पेन काढलं आणि त्यांच्या देखत दहा युनिट घेतले. ते वाकून पाहत होते, लहान मुलासारखे.

‘दुखत नाई?’

‘नाही.’

‘मंग पाह्यता काय? जेवा!’ ते जवळजवळ ओरडले आणि मी पहिला घास घेईपर्यंत त्यांनी स्वतःच्या पानाला हात लावला नाही. दोन घास झाल्यावर आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, ‘पोरगा म्हनते, करीन तं हेच. बाया म्हनतात, मायनं साखरेसाठी अख्खं शेत डोक्यावर घेतलं, अशा घरची पोरगी पायजे. मंग साक्षगंध कुठी करता, तुमच्याकडं का आमच्याकडं?’

‘आमच्याकडे,’ बायको म्हणाली. दारामागे बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या.

दुसऱ्या दिवशी मी साखरपुड्यासाठी सभागृह पाहायला गेलो. व्यवस्थापकानं जागा दाखवली, दर सांगितले. मी विचारलं, ‘पहिली पंगत किती वाजता?’

‘साडेबारा लिहू. पण मुलाकडचे उशिराच येतात हो, दीड धरून चाला.’

‘ते आले तर सोबत बसतील. नाही आले तर मी साडेबाराला जेवून घेईन. एक पान माझं वेगळं लिहा.’

‘मुलीच्या बापानं आधी जेवायचं? लोक काय म्हणतील?’

‘मी सांगेन त्यांना.’

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लिहून घेतलं. मी त्याला आगाऊ म्हणून पाच हजार रुपये रोख दिले.